पाणी लावणं सोपं, काढणं अवघड

खिडकीच्या काचेवरचे जे डाग आपल्याला छळतात, ते बहुतेक पाण्याचे असतात. धूळ बिचारी कोरड्या फडक्यानेही निघते. पण काच धुऊन-पुसून झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं तिरपं ऊन तिच्यावर पडलं, की पांढुरके ठिपके, खाली ओघळलेल्या रेघा आणि फडकं फिरलेल्या वाटेच्या कमानी दिसू लागतात. मग फडक्याला, साबणाला, नाहीतर पुसणाऱ्या माणसाला बोल लागतो. दोष असतो बादलीत. पाणी आटून जातं, त्यात विरघळलेलं मात्र मागे राहतं.

हिशेब करून पाहू. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक (आयएस १०५००) एका लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले पदार्थ स्वीकारार्ह मानतं. दुसरं पाणीच मिळत नसेल तर २००० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतं. एक चौरस मीटर काच धुतल्यावर तिच्यावर समजा ५० मिलिलिटर पाणी राहिलं, तर ५०० च्या पाण्यातून २५ मिलिग्रॅम क्षार काचेवर वाळतील. वजनाला हे काहीच नाही. फरशीवर वाळले असते तर कोणाच्या लक्षातही आले नसते. पण काचेचं कामच प्रकाश सरळ आरपार जाऊ देण्याचं, आणि क्षाराचा प्रत्येक कण तो प्रकाश चहूकडे विखुरतो. मुंबईत तलावांचं पाणी मऊ, त्यामुळे हा त्रास त्या मानाने कमी. पुण्याच्या ज्या नव्या वस्त्या बोअरवेलवर आणि टँकरवर चालतात, तिथे नळाच्या तोटीवर चढलेलं पांढरं कवच पाहिलं की खिडकीचं काय होणार हे कळून चुकतं.

डाग बरेच दिवस तसाच राहिला तर प्रकरण आणखी पुढे जातं. काचेवर साचून राहिलेलं पाणी काचेतलंच थोडं सोडियम बाहेर ओढून घेतं, त्यामुळे ते अल्कधर्मी होतं आणि अल्कली काचेलाच खाऊ लागते. अशी धुरकटलेली काच कितीही घासली तरी उजळत नाही, कारण आता तिच्यावर काही बसलेलं नसतं. तिचा पृष्ठभागच खडबडीत झालेला असतो. इमारतीचं प्लास्टर किंवा काँक्रीट भिजून जे पाणी काचेवर ओघळतं तेही अल्कधर्मीच. नव्या इमारतीच्या काचा जुन्या इमारतीपेक्षा लवकर खराब का होतात, याचं एक उत्तर इथे आहे.

यावर या धंद्याने दोन तोडगे काढले. पाणी वाळायच्या आत काचेवरून उचलून घ्यायचं, किंवा ज्यात काही विरघळलेलंच नाही असं पाणी वापरायचं. या दोन्हींची गोष्ट बरीचशी ब्रिटन आणि अमेरिकेत घडली.

खिडक्या पुसणं हा स्वतंत्र धंदा व्हायला आधी खिडक्या असाव्या लागतात. इंग्लंडमध्ये १६९६ पासून १८५१ पर्यंत घराच्या खिडक्या मोजून कर घेतला जाई. तो चुकवण्यासाठी लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. अशा आंधळ्या खिडक्या तिथल्या जुन्या घरांवर आजही दिसतात. काचेवर वजनानुसार वेगळा कर होता, तो १८४५ मध्ये उठला. सहा वर्षांच्या अंतराने दोन्ही कर गेले, काच स्वस्त झाली, खिडक्या वाढल्या आणि मोठ्या झाल्या. नेमक्या त्याच काळात घरोघरच्या धुराड्यांतून कोळशाचा धूर ओतला जात होता. मोठी काच आणि दाट काजळी एकाच गल्लीत आल्यावर शिडी-बादलीवाल्याला कामाची ददात राहिली नाही.

ब्रिटनमध्ये या माणसाची फेरी ठरलेली असते. अमुक गल्ल्या त्याच्या, दर महिन्या-दीड महिन्याने तो येणार, बाहेरच्या काचा पुसणार आणि पुढच्या दाराला जाणार. घरमालक घरात असलाच पाहिजे असंही नाही. ही फेरी मालमत्तेसारखी असते; निवृत्त होताना ती दुसऱ्याला रोख पैसे घेऊन विकता येते. आपल्याकडे पेपर टाकणाऱ्यांच्या लाइनी विकल्या जातात, तसाच हा व्यवहार. शिडीवरून घराच्या आत काय काय दिसतं यावर १९३६ साली जॉर्ज फॉर्म्बी या विनोदी गायकाने एक चावट गाणं केलं. बीबीसीला ते फारच चावट वाटलं आणि तिने ते रेडिओवर वाजवू दिलं नाही. अर्थात गाणं लोकांच्या तोंडी बसायचं ते बसलंच.

त्याच सुमारास अमेरिकेत या धंद्याला त्याचं खरं हत्यार मिळालं. त्याआधी तिथे 'शिकागो' नावाचा वायपर चालत असे. जड पोलादी, दोन जाड रबरी पट्ट्यांचा. पट्ट्या बदलायच्या तर डझनभर स्क्रू सोडवायचे. इटलीतून आलेले आणि कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडमध्ये खिडक्या पुसून पोट भरणारे एत्तोरे स्तेक्कोने यांना हे लोढणं नकोसं झालं. त्यांनी हलक्या पितळेचा, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा, एकाच पातळ रबरी पट्टीचा वायपर बनवला. पट्टी क्षणात सरकवून काढता येत असे. धंद्यात अशी आख्यायिका सांगतात, की मोठ्या विक्रेत्याने तो घ्यायला नकार दिला तेव्हा स्तेक्कोने यांनी नव्या हॅटची पैज लावली, न्यूयॉर्कच्या पुसणाऱ्यांना वायपर फुकट वाटले आणि थोड्याच दिवसांत त्या विक्रेत्याला मागणीपुढे नमावं लागलं. हॅट मिळाली की नाही ते सोडा. आजचा कुठल्याही कंपनीचा चांगला वायपर हाती घेतला तर रचना हीच दिसते.

या हत्याराची सगळी करामत रबराच्या कडेत आहे. कड चौकोनी आणि धारदार हवी. काचेवर ती किंचित वाकते, पण कुठेही काच सोडत नाही, आणि पुढचं पाणी ढकलत नेते. मागे उरतो तो पाण्याचा इतका पातळ थर, की तो डोळ्यांदेखत उडून जातो आणि त्यातल्या क्षारांची मात्रा नगण्य असते. कड गोलसर झाली किंवा तिला बारीकशी चीर गेली, की त्या जागी काचेवर अखंड रेघ उमटते. म्हणून कसलेला माणूस रबर वापरून संपण्याची वाट पाहत नाही. एक कड बोथट झाली की पट्टी उलटी करतो, दुसरीही झाली की फेकतो. घरी वापरल्या जाणाऱ्या वायपरचं रबर मात्र वर्षानुवर्षं तेच असतं, आणि 'वायपरने रेघा पडतात, पेपरच बरा' असा निकाल लागतो.

पाण्यात साबण घालायचा तो थेंबांनी मोजून. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. साबण तो निम्म्याच्या आसपास आणतो. त्यामुळे पाणी थेंबाथेंबांत न आकसता काचेवर सपाट पसरतं, हातांचे आणि स्वयंपाकघरातल्या वाफेचे तेलकट डाग सुटतात आणि रबर अडखळत नाही. साबण जास्त झाला की तोच वाळून डाग होतो. ब्रिटनमधले पुसणारे वर्षानुवर्षं भांडी घासायचा साबणच वापरत आले आहेत. निळं द्रावण भरलेल्या बाटल्या माझ्या मते काचेपेक्षा जाहिरातीसाठी जास्त उपयोगी.

हाताची रीत अशी. आधी ओल्या लोकरी बोळ्याने काच पूर्ण घासून घ्यायची, कोपरे चोळायचे. मग वरच्या कडेला दोन बोटं रुंदीची पट्टी फडक्याने कोरडी करायची, कारण वायपर ओल्यातून सुरू केला तर पहिल्याच ठिकाणी पाण्याचा दोरा सुटतो. तिथून वायपर थोडा कलता धरून खाली. प्रत्येक फेऱ्यानंतर रबर पुसायचं आणि पुढचा फेरा आधीच्या कोरड्या पट्टीवर थोडा चढवायचा. निष्णात माणूस वायपर उचलतच नाही. नागमोडी वळणं घेत, कोपऱ्यात मनगट फिरवत एका दमात अख्खी काच कोरडी करतो. शेवटी चौकटीच्या कडांना उरलेली ओल तेवढी कापडाने टिपायची. उन्हात तापलेल्या काचेवर हे जमत नाही. वायपर पोचायच्या आत पाणी वाळतं. म्हणून पूर्वेच्या खिडक्या दुपारनंतर, पश्चिमेच्या सकाळी.

दुसऱ्या तोडग्याला शिडीने चालना दिली. शिडीवरून पडणं हा या धंद्याचा जुना शाप. शिडीचं गणित साधं आहे, उंची चार तर पाया भिंतीपासून एक, म्हणजे साधारण ७५ अंशांचा कोन. पण पावसात भिजलेली हिरवळ, प्लास्टिकच्या पन्हळीवर टेकवलेलं शिडीचं डोकं आणि एका हातात बादली, एवढ्यात गणित बिघडतं. ब्रिटनमध्ये २००५ साली उंचीवरच्या कामांचे नवे नियम लागू झाले. त्यांनी शिडीवर बंदी घातली नाही; जे काम जमिनीवरून होण्यासारखं आहे ते वर चढून करू नका, एवढंच सांगितलं. मग जमिनीवरून काम करण्याच्या साधनाचा झपाट्याने प्रसार झाला.

ते साधन म्हणजे एकात एक सरकणारा लांब हलका खांब, टोकाला ब्रश आणि ब्रशातून फवारणारं शुद्ध पाणी. खांब काचतंतूचा किंवा कार्बनतंतूचा. चांगला कार्बनचा खांब चार-पाच मजल्यांपर्यंत पोचतो. माणूस खाली उभा राहून काच घासतो, धुतो आणि ओली सोडून पुढे जातो. पुसत नाही! पहिल्यांदा हे पाहणारं गिऱ्हाईक हमखास तक्रार करतं, की निम्मं काम करून पैसे मागताय. तासाभराने ऊन येतं आणि काच निखळ निघते, कारण वाळलेल्या पाण्याला मागे ठेवायला काही नव्हतंच.

हे पाणी गाडीतच तयार होतं. आधी आरओचा पडदा, मग आयनांची अदलाबदल करणारी राळ. हातातल्या मीटरवर विरघळलेल्या पदार्थांचा आकडा शून्यावर आला पाहिजे. लंडन आणि आग्नेय इंग्लंडचं पाणी चुनखडकातून येतं म्हणून जड, तिथे आरओशिवाय राळ लगेच संपते. स्कॉटलंडचं पाणी इतकं मऊ की नुसत्या राळेवर भागतं. आरओला एका लिटरमागे निदान तेवढंच, बऱ्याचदा त्याहूनही जास्त पाणी वाया घालवावं लागतं, हे आपल्याकडच्या स्वयंपाकघरांतही ठाऊक आहे. या पद्धतीच्याही मर्यादा आहेत. चौकटीच्या वरच्या कडेची माती आधी नीट निघाली नाही तर ती नंतर ठिबकत राहते आणि शुद्ध पाण्याने धुतलेल्या काचेवर अशुद्ध ओघळ उतरतो. पक्ष्याची वाळलेली विष्ठा, रंगाचा थेंब, सिमेंट याला ब्रश पुरत नाही. आणि कार्बनमधून वीज वाहते. वरून तार जात असेल तर तो खांब जीवघेणा ठरतो.

काचच अशी बनवावी की तिला पुसायलाच नको, हाही प्रयत्न झाला. जपानमध्ये अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन होतं हे दाखवलं. त्यांचा निबंध १९७२ साली 'नेचर'मध्ये आला. त्याच पदार्थाचा डोळ्यांना न दिसणारा थर दिलेली काच ब्रिटनच्या पिल्किंग्टन कंपनीने २००१ मध्ये बाजारात आणली. उन्हातल्या अतिनील किरणांनी हा थर काचेवरची सेंद्रिय घाण हळूहळू मोडतो आणि पाण्याला थेंब होऊ न देता सपाट पसरवतो, म्हणजे पाऊसच काच धुतो. पाऊस अधूनमधून वर्षभर येणाऱ्या देशात हे ठीक. आपल्याकडे ऑक्टोबर ते मे या आठ कोरड्या महिन्यांत त्या काचेला धुणार कोण? शिवाय रस्त्याची आणि बांधकामांची धूळ खनिज, ती प्रकाशाने मोडत नाही.

काच खरवडण्याबद्दल थोडक्यात, पण महत्त्वाचं. रंगकाम झालं की काचेवर प्रायमरचे आणि सिमेंटचे थेंब राहतात आणि कंत्राटदाराचा माणूस ब्लेड घेऊन बसतो. साध्या काचेवर, ती भरपूर ओली करून, नवं ब्लेड एकाच दिशेने पुढे ढकललं तर चालतं. मागे ओढलं की ब्लेडखाली सापडलेला कण रेघ मारतो. टफन्ड काचेवर मात्र ब्लेड लावण्याआधी दहादा विचार करावा. ती भट्टीतून रुळांवरून जाते तेव्हा रूळ स्वच्छ नसतील तर काचेची अतिसूक्ष्म पूड तिच्यावर वितळून चिकटते. हाताला ती जेमतेम जाणवते. ब्लेड तिला उखडून काचभर फरफटवतं आणि शेकडो बारीक ओरखडे उठतात. यात चूक कोणाची, कारखान्याची की पुसणाऱ्याची, यावर अमेरिकेत खूप भांडणं झाली आहेत. तिथले शहाणे पुसणारे आता काम सुरू करण्यापूर्वी ओरखड्यांची जबाबदारी आपली नाही असं गिऱ्हाइकाकडून लेखी घेतात.

आपल्या फ्लॅटमधली अॅल्युमिनियमची सरकती खिडकी हा वेगळाच पेच आहे. बाहेरची बाजू आतून हाताला लागत नाही, म्हणून घरकामाला येणाऱ्या मावशींना कठड्यावर उभं करून, 'मी धरते तुम्हाला' म्हणत ती पुसून घेतली जाते. हे थांबायला हवं. दोन्ही बाजूंनी चुंबकाने धरणारे पुसणे मिळतात, लांब दांड्याचे वायपर मिळतात, बऱ्याच खिडक्यांचं तावदान उचलून आत काढून घेता येतं. आणि यातलं काहीच शक्य नसेल तर काच थोडी मळकी राहू द्यावी. त्या खिडकीत काचेपेक्षाही रुळाकडे लक्ष देण्याची गरज असते. रुळाच्या बाहेरच्या बाजूला बारीक छिद्रं असतात, पावसाचं आत साचलेलं पाणी बाहेर जावं म्हणून. धूळ, कबुतराची पिसं आणि रंगाऱ्याची पुट्टी यांनी ती बुजतात. मग जुलैत पाणी आत येतं आणि खिडकी बसवणाऱ्याचा उद्धार होतो. टूथपिक आणि जुना ब्रश एवढ्यावर हे काम होतं.

आता छपराकडे. १०० चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस पडला तर १०० लिटर पाणी होतं. तासाला १०० मिलिमीटरची सर आली तर मिनिटाला सुमारे १६५ लिटर, म्हणजे दहा-अकरा बादल्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी अशा एका छपराने ९४ हजार लिटरहून जास्त पाणी खाली सोडलं असणार. हे पाणी भिंतीपासून दूर नेणं एवढंच पन्हळीचं काम.

कोकणातल्या जुन्या घरांनी हे काम पन्हळीवाचून केलं. छप्पर भिंतीच्या पुष्कळ बाहेर काढायचं, पागोळ्या अंगणातल्या दगडांवर पडू द्यायच्या आणि वाऱ्याच्या झडीसाठी पश्चिमेला झावळ्यांचा आडोसा बांधायचा. पन्हळ नाही तर तुंबणार काय? राखायचं ते छप्पर. मृगाआधी घर शाकारणं, म्हणजे नळे किंवा कौलं उतरवून, झाडून, फुटकी बदलून पुन्हा लावणं, हे दरवर्षीचं ठरलेलं काम होतं आणि ते करणारी माणसंही गावात ठरलेली असत. मंगलोरी कौलांनी या कामाचा व्याप कमी केला. बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि त्या पद्धतीची कौलं पुढे किनारपट्टीभर पसरली. खाचेत खाच अडकणारी ही कौलं सहसा सरकत नाहीत. त्यांच्या खाचांत पाचोळा आणि शेवाळ साठतं ते मात्र काढावंच लागतं, नाहीतर पाणी खाचेतून मागे फिरून वाशांवर उतरतं.

ब्रिटनमधली ओळीने जोडलेली घरं रस्त्याला भिडलेली. तिथे पागोळ्या येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर पडतील, म्हणून पन्हळ हवीच. तिला उतार फार नसतो. अमेरिकेतला ढोबळ नियम दर १० फुटांना पाव इंच. इतक्या मंद उतारावर चार पानं आडवी आली तरी पाणी थबकतं, त्यामागे गाळ बसतो, गाळात बी रुजतं. छपरावरचं शेवाळ पक्षी किड्यांसाठी उकरतात आणि तेही खाली पन्हळीत येतं. मुलांचे चेंडूही सापडतात. १० सेंटीमीटर रुंद, ८ सेंटीमीटर खोल आणि १० मीटर लांब पन्हळ तुंबून भरली की ८० लिटर पाणी धरते, म्हणजे ८० किलो वजन चार-दोन स्क्रूंवर लोंबकळतं. ती मधे वाकली की तिथेच पाणी साचत राहतं. पुढच्या कडेवरून सांडलं तर नशीब. मागच्या कडेवरून उतरलं तर थेट भिंतीत आणि छपराच्या लाकडात जातं. घरात ओल दिसेपर्यंत लाकूड कुजलेलं असतं.

हल्ली पन्हळ साफ करण्याचं कामही जमिनीवरून होतं. खांबाच्या टोकाला वाकडं नळकांडं, खाली ओला कचरा ओढणारं दणकट व्हॅक्यूम, टोकाला छोटा कॅमेरा. गिऱ्हाइकाला आधीचं आणि नंतरचं चित्र मोबाइलवर दाखवता येतं, आणि जी पन्हळ कोणी कधी पाहत नाही तिच्या सफाईचे पैसे मागायला यापेक्षा चांगला पुरावा नाही. पन्हळीवर बसवायच्या जाळ्यांची जाहिरात 'पुन्हा सफाई नको' अशी असते. पानं जाळीवर अडतात हे खरं, पण बारीक माती, बिया आणि पाइनच्या सुया आत जातातच, आणि मग गाळ काढायला आधी जाळी काढावी लागते.

जुन्या इंग्लिश घरांचा एक प्रकार मुंबईकरांनी समजून घेण्यासारखा आहे. जॉर्जियन काळातल्या घरांना दर्शनी भिंत वर कठड्यासारखी उचललेली असते आणि पन्हळ तिच्यामागे लपलेली. दिसायला सुबक, पण ती तुंबली तर पाण्याला बाहेर सांडायची सोय नाही. ते आतच उतरतं. आपली सपाट गच्ची तशीच. चारी बाजूंनी कठडा आणि कोपऱ्यात दोन-तीन तोंडं. एका तोंडावर प्लास्टिकची एक पिशवी बसली की गच्चीचं तळं होतं आणि वरच्या मजल्याचं छत गळू लागतं. मग लाखो रुपयांचं वॉटरप्रूफिंग होतं. मे महिन्यात गच्ची झाडून तोंडांवर घुमटाकार जाळ्या बसवायला वॉचमनला अर्धा दिवस पुरतो. सपाट जाळी बसवू नये, ती एका पानानेही झाकली जाते. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, हे तर महापालिकेची माणसं दरवर्षी दार वाजवून सांगतात.

आपल्याकडची मोठी साफसफाई दसरा-दिवाळीच्या आधी होते, आणि काचांना ती वेळ योग्यच आहे. पाण्याच्या वाटांचं काम मात्र शाकारणीच्या मुहूर्तावर, मे महिन्यातच उरकायला हवं. शहरात येताना आपण दिवाळीची झाडलोट बरोबर आणली आणि शाकारणी गावाकडे ठेवून आलो.

राहिली भिंत. तिथे पाणी जपून वापरावं लागतं, आणि नेमकं तिथेच ते सर्वांत जोरात मारलं जातं. जर्मनीच्या केर्शर कंपनीने १९५० मध्ये गरम पाण्याचं उच्च दाबाचं यंत्र युरोपात आणलं. आज घरगुती यंत्रंही १०० ते १५० बार दाबाने पाणी मारतात. नळाला दाब असतो दोन-तीन बार. अमेरिकेतल्या माउंट रशमोरवरचे राष्ट्राध्यक्षांचे दगडी चेहरे याच कंपनीने २००५ मध्ये, रसायन न वापरता, गरम पाण्याच्या दाबाने धुतले. पण तो ग्रॅनाइट होता. तेवढा दाब विटांमधल्या चुन्याच्या सांध्यांवर मारला तर चुना उडतो, लाकडाचे तंतू उभे राहतात, प्लास्टरच्या केसाएवढ्या भेगेतून पाणी भिंतीत शिरतं आणि महिनाभराने आतला रंग फुगतो. ब्रिटनमध्ये १९६० आणि ७० च्या दशकांत काजळलेल्या दगडी इमारती वाळू मारून उजळवल्या गेल्या. वालुकाश्माचा वरचा कठीण थर गेला आणि आतला मऊ दगड उघडा पडला.

याच्या अगदी उलट टोकाला ताजमहाल आहे. पुरातत्त्व खात्याने १९९४ पासून काही वेळा त्याच्या संगमरवराला मुलतानी मातीचा लेप दिला. लेप प्लास्टिकने झाकून ठेवतात, तो वाळताना दगडातली घाण शोषून घेतो, मग मऊ ब्रशने उतरवून डिस्टिल्ड पाण्याने धुतात. दाबाचं नावही नाही.

आपल्या इमारतींवर खिडक्यांखाली उतरणाऱ्या काळ्या जिभा काजळीच्या वाटतात, पण त्यांत मोठा वाटा सूक्ष्म शैवालांचा आणि बुरशीचा असतो. अमेरिकेतल्या डांबरी छपरांवरचे काळे ओघळही असेच, ग्लिओकॅप्सा मॅग्मा नावाच्या सायनोबॅक्टेरियाचे. छपरातल्या चुनखडीच्या पुडीवर ती पोसते. तिथले छप्पर बनवणारेच सांगतात, की दाबाचं पाणी मारू नका, सौम्य ब्लीच फवारा, थोडा वेळ थांबा आणि हलक्या पाण्याने धुवा. जीव मेला की डाग आपोआप सुटतो. घासून काढला आणि मूळ राहिलं तर तो पुढच्या पावसात परत येतो. आणि तो अमुकच जागी का वाढतो? तिथे ओल असते म्हणून. एसीची नळी भिंतीवर ठिबकते, किंवा छज्ज्याच्या खालच्या अंगाला खाचच ठेवलेली नसते. पाणी छज्ज्याच्या कडेवरून सरळ खाली पडत नाही; चिकटून खालच्या अंगाने भिंतीपर्यंत सरपटत येतं. कडेपासून थोडं आत एक बोटभर खाच असली की ती चिकट वाट तुटते आणि थेंब तिथेच गळतो. गवंड्याने अर्ध्या दिवसात घातलेली खाच दहा वर्षांचं धुणं वाचवते.

उंच इमारत दोरावरून धुतली जाते तेव्हा सोसायटीने आधी एकच गोष्ट पाहावी. प्रत्येक माणसाला दोन दोर आहेत का, एक कामाचा आणि एक जिवाचा, आणि ते गच्चीवर वेगवेगळ्या ठिकाणी बांधले आहेत का. एका दोरावरचं स्वस्त कोटेशन घेऊ नये.

कामाचा क्रम वरून खाली. छप्पर आणि पन्हळ, मग भिंती, शेवटी काचा. उलट केलं तर काचा दोनदा पुसाव्या लागतात आणि त्याचे पैसे गिऱ्हाईकच भरतं. भिंतीला ब्लीच लावणार असतील तर खालची झाडं आधी साध्या पाण्याने चिंब करावीत आणि नंतरही धुवावीत, म्हणजे पानं करपत नाहीत. गच्चीचं पाणी जिथे बोअरवेलच्या पुनर्भरणाच्या खड्ड्यात सोडलेलं असतं, तिथे काम सुरू व्हायच्या आत तो जोड बंद करून धुण्याचं पाणी दुसरीकडे वळवायचं असतं. हे बहुतेक कंत्राटांत लिहिलेलं नसतं, तेव्हा सेक्रेटरीने तो व्हॉल्व्ह कुठे आहे ते आदल्या दिवशीच शोधून ठेवावं.